सूर्यावर सापडलेले मूलद्रव्य

गेल्या अंकात आम्ही कथिलाची हकिकत सांगितली. ज्या धातूने आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातील पितळी पातेल्यांना कल्हई चढवली, त्याचा शोध कोणी लावला हे कोणासही सांगता येत नाही. मनुष्यजातीच्या स्मृतीइतकाच तो जुना आहे. आजचे मूलद्रव्य नेमके याच्या उलट स्वभावाचे. त्याच्या शोधाची तारीख, वेळ, उपकरण, साक्षीदार सारे काही नोंदलेले आहे, आणि तरीही तो शोध कोठे लागला याविषयी वाद चालू आहे. एकशे अठरा मूलद्रव्यांच्या या मोठ्या कुटुंबात हेच एक असे आहे की, जे माणसाला प्रथम पृथ्वीवर न सापडता सूर्यावर सापडले. त्याचे नाव हेलियम.

वादाचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. आमच्या एका वाचकभगिनींनी मागील महिन्यात पाठविलेल्या पत्रात त्यांच्या आठवीतील चिरंजीवांची तक्रार कळविली आहे. शाळेत ‘हेलियमचा शोध कोठे लागला?’ असा प्रश्न निघाला. चिरंजीवांनी मोठ्या अभिमानाने ‘विजयदुर्ग’ असे उत्तर दिले, कारण आजोळी कोकणात त्यांनी ते ऐकले होते. शेजारच्या बाकावरील तेलुगूभाषक मित्राने तितक्याच अभिमानाने ‘गुंटूर’ म्हणून सांगितले. गुरुजींनी दोघांनाही अर्धे अर्धे गुण देऊन विषय मिटविला. पण मुलांचा मिटला नाही. दोघांचे बोलणे बंद आहे. ‘आपण निकाल द्यावा’ असे भगिनींनी लिहिले आहे. निकाल देण्याचा अधिकार आमचा नव्हे, तो पुराव्याचा. म्हणून प्रथम पुरावा वाचकांपुढे ठेवतो.

त्याकरिता क्षणभर स्वयंपाकघरात चलावे. भाताची खारट पेज उतू जाऊन गॅसच्या निळ्या ज्योतीत सांडली, तर ज्योत एकदम पिवळी होते, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले असते. हा पिवळेपणा मिठातील सोडियमचा. मीठ कोणत्याही समुद्राचे असो, ज्योत कोणत्याही चुलीची असो, तो रंग तोच. प्रत्येक मूलद्रव्य तापून वायुरूप झाले म्हणजे आपापल्या ठराविक रंगांचाच प्रकाश देते. तो प्रकाश लोलकातून नेऊन पसरविला की त्या रंगांच्या बारीक तेजस्वी रेषा दिसतात, आणि ज्याप्रमाणे अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखावा त्याप्रमाणे या रेषांवरून मूलद्रव्य ओळखता येते. जर्मनीतील बुन्सेन आणि किर्खहोफ या दोन विद्वानांनी १८५९-६० च्या सुमारास ही विद्या पक्क्या पायावर उभी केली आणि तिच्या बळावर लगोलग सीझियम व रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्ये हुडकून काढली. या उपकरणास वर्णपटदर्शक म्हणतात. ज्या वस्तूला हात लावणे अशक्य, तिची घटकद्रव्ये केवळ तिच्या प्रकाशावरून सांगता येतील, ही कल्पना त्या काळी जादूसारखी वाटली असल्यास नवल नाही.

मग विद्वानांची दृष्टी साहजिकच सूर्याकडे वळली. खग्रास ग्रहणात चंद्रबिंबाच्या काठाशी गुलाबी ज्वाळा दिसतात. त्या कशाच्या बनलेल्या आहेत, हा त्या पिढीचा मोठा प्रश्न होता. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते, आणि त्याची छाया आपल्या देशावरून पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाणार होती. खग्रास अवस्थाही पाच मिनिटांहून अधिक टिकणारी. असा योग ज्योतिर्विदांच्या आयुष्यात क्वचित येतो. त्यामुळे त्या वर्षी दख्खनच्या पठारावर दुर्बिणींचा जणू मेळाच भरला.

तो पट्टा आपल्या परिचयाच्या मुलखातून गेला होता, हे येथील वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल येऊन बसले होते. ज्या विल्यम हर्शेल यांनी १७८१ मध्ये युरेनस ग्रह शोधला त्यांचे हे नातू. गुंटूर येथे इंग्रजांकडून मेजर टेनंट आणि फ्रान्सकडून पिएर जान्सन असे दोघे होते. मच्छलीपट्टणास मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख नॉर्मन पॉगसन होते. आणि आपल्या निजामच्या राज्यात, वनपर्तीस, त्याच वेधशाळेची दुसरी तुकडी होती. तिचे प्रमुख होते चिंतामणी रघुनाथाचारी. हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल? मद्रासच्या वेधशाळेत साहाय्यक म्हणून राबणाऱ्या या गृहस्थांनी १८६७ मध्ये एक रूपविकारी तारा शोधला, आणि पुढे १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाविषयी सामान्य लोकांना कळावे म्हणून अनेक भारतीय भाषांत पुस्तिका काढल्या. आपल्या भाषेत विज्ञान सांगण्याची धडपड करणाऱ्या कोणासही हे पूर्वसूरी वंदनीय वाटावेत.

आता गुंटूरकडे जाऊ. जान्सन यांनी तेथे एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या घरी आपले ठाणे दिले होते. ग्रहण लागले, अंधार झाला, आणि सूर्यज्वालांवर रोखलेल्या वर्णपटदर्शकात तेजस्वी रेषा चमकल्या. ज्वाला तापलेल्या वायूच्या आहेत आणि त्यात हायड्रोजन आहे, हे तत्काळ स्पष्ट झाले. परंतु जान्सन यांच्या बुद्धीची झेप याच्याही पुढे गेली. या रेषा इतक्या तेजस्वी आहेत, तर त्या ग्रहणावाचूनही का दिसू नयेत, असा विचार त्यांच्या मनात त्याच वेळी आला. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, लखलखीत उजेडात त्यांनी यंत्र लावले, आणि रेषा खरोखरच दिसल्या. ज्यासाठी माणसे वर्षानुवर्षे ग्रहणाची वाट पाहत आणि सातासमुद्रांपार जात, ते दृश्य आता रोज उपलब्ध झाले. पुढचे कित्येक दिवस ते गुंटूरला सूर्य न्याहाळत राहिले. आणि त्यांचे पत्र आगबोटीने फ्रान्सच्या वाटेला लागले.

इकडे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर नावाचे गृहस्थ होते. ते व्यवसायाने ज्योतिषी नव्हते. लष्करी खात्याच्या कचेरीत कारकून होते आणि फावल्या वेळात आकाश पाहत. ग्रहणावाचून सूर्यज्वाला पाहता येतील ही कल्पना त्यांनाही सुचली होती, किंबहुना आधीच सुचली होती. पण त्यासाठी हवे असलेले जबरदस्त वर्णपटदर्शक यंत्र कारागिराकडून वेळेवर तयार होऊन मिळेना. ते ऑक्टोबर १८६८ मध्ये हाती आले, आणि २० ऑक्टोबर रोजी त्यांना आपल्या घरून त्या रेषा दिसल्या. जान्सन यांचा शोध त्यांना ठाऊक नव्हता. दोघांची वृत्ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे गेली, आणि योगायोग असा की २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत दोन्ही वाचली गेली. अशा प्रसंगी भांडणे जुंपल्याची उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात पुष्कळ आहेत. येथे तसे झाले नाही. श्रेय दोघांना मिळाले, आणि १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने एक पदक पाडले, त्यावर दोघांचे मुखवटे शेजारी शेजारी कोरलेले आहेत.

वाचकांच्या ध्यानात आले असेल की आतापर्यंतच्या हकिकतीत हेलियम कोठेच आलेले नाही. जान्सन आणि लॉकियर यांना मिळालेले ते पदक ग्रहणावाचून सूर्यज्वाला पाहण्याच्या पद्धतीबद्दल होते, नव्या मूलद्रव्याबद्दल नव्हते. नेमकी येथेच पुढच्या सर्व गोंधळाची गाठ आहे.

त्या तेजस्वी रेषांमध्ये एक पिवळी होती. ग्रहणाच्या दिवशी ती अनेकांनी पाहिली, आणि बहुतेकांनी तिला सोडियमची रेषा मानून विषय सोडून दिला. पिवळा रंग म्हणजे सोडियम, हे समीकरण स्वयंपाकघरापासून वेधशाळेपर्यंत सर्वत्र रूढ झाले होते. मच्छलीपट्टणच्या पॉगसन यांनी मात्र ती सोडियमच्या जागी बरोबर बसते की किंचित बाजूला आहे, अशी शंका आपल्या वृत्तात नोंदविली. ते वृत्त मद्रासेत छापले गेले आणि युरोपात फारसे कोणी वाचले नाही. शंका खरी होती. तिच्या पाठीमागे जाणारा कोणी त्या वेळी भेटला नाही.

तो लॉकियर यांच्या रूपाने भेटला. सोडियमच्या दोन रेषा शेजारी शेजारी असतात; त्यांना डी-एक आणि डी-दोन म्हणत. लॉकियर यांनी नव्या यंत्राने पिवळ्या रेषेचे स्थान काळजीपूर्वक मोजले, आणि ती या दोहोंपैकी कोणतीच नव्हे असे त्यांना आढळले. तिला डी-तीन म्हणू लागले. मग रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्या मदतीने त्यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनला नाना प्रकारे तापवून, दाबून पाहिले. ती रेषा काही उमटेना. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात पदार्थात ती सापडेना. तेव्हा निष्कर्ष एकच उरला: सूर्यावर असे काही आहे, जे पृथ्वीवर कोणी पाहिलेले नाही. सूर्याचे ग्रीक नाव हेलिऑस. त्यावरून नव्या द्रव्याचे नाव हेलियम ठरले, आणि १८७१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी ते जाहीरपणे उच्चारले. नावाच्या शेवटी सोडियम, पोटॅशियम यांसारखा ‘यम’ आहे, कारण ते धातू असावे असा त्यांचा समज होता. पुढे त्याचे भाऊबंद सापडले, त्यांना निऑन, आरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन अशी ‘ऑन’कारान्त नावे मिळाली. थोरला भाऊ तेवढा चुकीच्या आडनावाने राहिला तो आजतागायत.

रसायनज्ञांना मात्र हे मूलद्रव्य मान्य नव्हते. जे बाटलीत भरता येत नाही, तराजूत तोलता येत नाही, केवळ एका पिवळ्या रेघेच्या जोरावर ज्याचे अस्तित्व सांगितले जाते, ते मूलद्रव्य कसले, असा त्यांचा सवाल होता, आणि तो गैरवाजवी म्हणता येणार नाही. अशी सत्तावीस वर्षे गेली. १८९५ च्या मार्च महिन्यात लंडनमध्ये विल्यम रॅम्से हे क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजावर आम्लाची क्रिया करीत होते. त्यातून आरगॉन वायू निघेल अशी त्यांची अपेक्षा होती. निघालेल्या वायूच्या वर्णपटात एक पिवळी रेषा लखलखली. ती सोडियमची नव्हती. रॅम्से यांनी नमुना विल्यम क्रुक्स यांच्याकडे तपासणीस पाठविला, आणि उत्तर आले: ही डी-तीन. सूर्यावरचा पाहुणा पृथ्वीच्या दगडात दडून बसलेला होता! त्याच वर्षी स्वीडनमध्ये उप्साला येथे क्लेव्ह आणि लांग्लेट यांनीही स्वतंत्रपणे तो वायू वेगळा करून त्याचा अणुभार काढला. ज्यांचे नाव त्या खनिजाला दिले होते तेच हे क्लेव्ह.

रॅम्से यांचे आपल्या देशावर एक ऋणही आहे. जमशेटजी टाटांच्या मनातील विज्ञानसंस्था कोठे काढावी याविषयी सल्ला देण्यास ते १९०० मध्ये हिंदुस्थानात आले, देशभर हिंडले आणि त्यांनी बंगळूरची शिफारस केली. तेथील भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स हे रॅम्से यांचेच सहकारी. निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन या दोघांनी मिळून १८९८ मध्ये शोधले होते.

आता विजयदुर्ग. लॉकियर महाशय विजयदुर्गास आले होते यात तिळमात्र शंका नाही. पण ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्या वेळी ते एकसष्ट वर्षांचे, जगद्विख्यात झालेले. किल्ल्यात त्यांनी दुर्बिणी मांडल्या, ‘मेल्पोमिनी’ या लढाऊ जहाजावरील खलाशांना वेध घेण्याचे शिक्षण देऊन मदतीस घेतले, आणि उपकरणांसाठी बांधलेले चौथरे ‘साहेबाचे कट्टे’ या नावाने लोक आजही दाखवितात. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आपले यंत्र लावले होते. परंतु तोपर्यंत हेलियम रॅम्से यांच्या नळीत येऊन तीन वर्षे लोटली होती. आणि १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकियर हिंदुस्थानात नव्हतेच. त्यापूर्वी ते एकदाच या देशात आले, ते १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी, दक्षिणेकडील बेकलच्या किल्ल्यात. एका समुद्रकाठच्या किल्ल्याच्या हकिकतीत दुसऱ्या वर्षाची तारीख मिसळली, आणि ‘१८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर यांनी विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला’ असे वाक्य तयार झाले. ते स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत छापले गेले, भाषणांत घुमले, आणि १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होऊ लागला.

तेव्हा पुराव्याचा निकाल असा. विजयदुर्गास हेलियमचा शोध लागला नाही. गुंटूरलाही, काटेकोर बोलायचे तर, लागला नाही. तेथे शोध लागला तो सूर्यज्वाला रोज पाहण्याच्या युक्तीचा, आणि ज्या युक्तीने पुढे हेलियम सापडले तिचे मोठेपण कमी नाही. पिवळ्या रेषेविषयीची पहिली शंका मच्छलीपट्टणास निघाली, तिचे मोजमाप आणि नवे द्रव्य असल्याचा निष्कर्ष इंग्लंडात झाला, आणि प्रत्यक्ष वायू लंडन व उप्साला येथे हाती आला. हा शोध एका गावाचा नाही, एका माणसाचा नाही, एका दिवसाचाही नाही. आठवीतील दोन्ही मित्रांनी आपापले अर्धे गुण परत करून बोलणे सुरू करावे, हे उत्तम.

यावर कोणी म्हणेल, ‘मास्तर, एवढे कशाला ताणता? आपल्या किल्ल्याला थोडा मान मिळतो तर मिळू द्या की.’ हा प्रश्न आम्हाला लहान वाटत नाही. आपण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे. दूर राहणाऱ्याला गावाकडच्या गोष्टी अधिक प्यारा असतात, आणि घरात मुलांना सांगायला अभिमानाच्या चार गोष्टी लागतात, हे आम्ही जाणतो. पण खोट्या मानाचा एक दोष आहे: तो खऱ्या मानाला झाकतो. विजयदुर्गाचे खरे मोठेपण त्याच्या आरमारी इतिहासात आहे. १८९८ च्या त्या मोहिमेतही आहे. ते सांगताना कोणाचे काही उसने घ्यावे लागत नाही. उलट उसना मान घेतला की जमखंडीचा हर्शेल, वनपर्तीचे रघुनाथाचारी, मच्छलीपट्टणचा शंकेखोर पॉगसन ही सारी आपल्याच दख्खनची गोष्ट आपल्याच मुलांपासून हरवते. आणि एक दिवस मूल मोठे होऊन एखादा ग्रंथ उघडते, तेव्हा त्याला वडीलधाऱ्यांच्या एका वाक्याची खोट कळते, आणि मग ते बाकीच्या खऱ्या वाक्यांकडेही संशयाने पाहू लागते. ही किंमत फार मोठी आहे.

असो. हे मूलद्रव्य आपल्या उपयोगाला कोठे येते, हे सांगितल्यावाचून या सदराची रीत पुरी होणार नाही.

हेलियम हा रंगहीन, गंधहीन वायू. हायड्रोजन सोडल्यास इतका हलका दुसरा वायू नाही, आणि हायड्रोजनप्रमाणे तो पेट घेत नाही. कोणत्याही द्रव्याशी संयोग करण्याची त्याला इच्छाच नसते. १९३७ च्या मे महिन्यात अमेरिकेत हिंडेनबर्ग हे जर्मन हवाई जहाज उतरता उतरता जळून ३६ माणसे दगावली. त्यात हायड्रोजन भरलेला होता, कारण हेलियम अमेरिकेबाहेर मिळत नव्हते. खोल समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्यांना नायट्रोजनाऐवजी हेलियम मिसळलेला प्राणवायू देतात. दाबाखाली नायट्रोजनाने जी गुंगी येते ती हेलियमने येत नाही. ज्या ठिकाणी हवेचा स्पर्श नको तेथे वितळजोडाच्या वेळी त्याचे आवरण देतात. अग्निबाणांच्या टाक्यांतील इंधन पुढे रेटण्यास तोच वापरतात, आणि यंत्रातील सूक्ष्मातिसूक्ष्म गळती शोधण्यासही तोच.

परंतु त्याची खरी कामगिरी थंडीत आहे. हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओन्स यांनी १० जुलै १९०८ रोजी हेलियमचा द्रव केला. तो शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सियसला उकळतो. एवढ्या थंडीत इतर सर्व पदार्थ गोठून दगड होतात. तीन वर्षांनी त्याच थंडीत ओन्स यांना असे आढळले की पाऱ्यातून वीज कसलाही विरोध न होता वाहते. यालाच अतिसंवाहकता म्हणतात. आज इस्पितळात ‘एमआरआय’ काढण्यासाठी रुग्णाला ज्या बोगद्यासारख्या यंत्रात निजवितात, त्याचे बलवान चुंबक याच तत्त्वावर चालते, आणि त्याच्या तारा थंड ठेवण्यासाठी भोवती द्रव हेलियम भरलेले असते. नेहमीच्या यंत्रात दीड-दोन हजार लिटरपर्यंत. कोणाच्या मेंदूतील गाठ, कोणाच्या पाठीच्या कण्यातील दबलेली शीर जेव्हा शस्त्राविना दिसते, तेव्हा १८६८ ची ती पिवळी रेषा एका घराला उपयोगी पडलेली असते. ग्रहणाच्या दिवशी दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्यांपैकी कोणालाही याची कल्पना नव्हती. ज्ञानाचा उपयोग आधी विचारून मग ज्ञान मिळवावे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

हा वायू येतो कोठून, हेही मोठे नवलाचे आहे. विश्वातील दृश्य द्रव्यात वजनाने सुमारे चौथा हिस्सा हेलियम आहे. सूर्य तर दर सेकंदाला कोट्यवधी टन हायड्रोजनाचे हेलियम करीत असतो आणि त्यातूनच आपल्याला ऊन मिळते. पण पृथ्वीच्या हवेत तो दहा लाख भागांत अवघा पाच भाग. इतका हलका की वातावरणातून सुटून तो अवकाशात निघून जातो. आपण वापरतो तो हेलियम सूर्याकडून आलेला नाही. जमिनीच्या पोटातील युरेनियम व थोरियम यांचे अणू फुटतात तेव्हा जे अल्फा कण बाहेर पडतात, ते हेलियमचेच गाभे असतात. असे कोट्यवधी वर्षांचे साचलेले हेलियम नैसर्गिक वायूच्या साठ्यांत अडकून राहते. १९०३ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यात डेक्स्टर गावी वायूची विहीर लागली, गावाने आनंदोत्सव मांडला, पण वायू पेटेना. दोन वर्षांनी तेथील विद्यापीठात कॅडी आणि मॅकफारलंड यांनी परीक्षा केली तेव्हा त्यात जवळजवळ दोन टक्के हेलियम निघाले. फसलेल्या उत्सवातून एक उद्योग जन्माला आला.

आज जगाला हेलियम मुख्यतः अमेरिका आणि कतार येथून मिळते. आपला देश जवळजवळ सर्व हेलियम आयात करतो. बंगालातील बक्रेश्वरच्या उन्हाळ्यांतून निघणाऱ्या वायूत ते आहे, पण देशाची गरज त्याने भागत नाही. अमेरिकी सरकारने अनेक दशके जपलेला राखीव साठाही २०२४ मध्ये एका खाजगी कंपनीला विकला गेला. पुरवठा विस्कळीत झाला की प्रयोगशाळांची यंत्रे बंद पडतात आणि इस्पितळांना चिंता लागते. म्हणून आता अवघ्या काही लिटरांवर चालणारी एमआरआय यंत्रेही निघाली आहेत. तेल संपले तर दुसरे इंधन शोधता येईल. हवेत सुटलेले हेलियम परत गोळा करून आणणे परवडणारे नाही.

शेवटी आयाबहिणींना एक व्यवहाराची सूचना. वाढदिवसाला आणि जत्रेत जे तरंगणारे फुगे मिळतात, त्यांत हेलियम असेल असे समजून निर्धास्त राहू नये. हेलियम महाग, म्हणून कित्येक फुगेवाले नळकांड्यात कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचे तुकडे घालून हायड्रोजन तयार करतात. तो ठिणगीने भडकतो, आणि नळकांडे फुटून माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात वारंवार घडल्या आहेत. अशा नळकांड्याभोवती मुलांना घोळका करू देऊ नये, आणि असे फुगे निरांजन, मेणबत्ती व फटाके यांपासून दूर ठेवावेत. फुग्यात खरे हेलियम असले तरी आवाज बारीक व्हावा म्हणून ते हुंगण्याचा खेळ मुलांना मुळीच करू देऊ नये. ते विषारी नाही, पण छातीत प्राणवायूची जागा तेच घेते आणि माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. नळकांड्याला तोंड लावणे तर प्राणघातक ठरते.

फुग्यांवरून जान्सन यांचीच एक गोष्ट आठवते. १८७० च्या डिसेंबरात प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला होता, आणि अल्जीरियात खग्रास ग्रहण लागणार होते. जान्सन वायूच्या मोठ्या फुग्यात बसून शत्रूच्या डोक्यावरून शहराबाहेर निसटले आणि वेळेवर ग्रहणाच्या ठिकाणी पोहोचले. ग्रहणाच्या वेळी आभाळ ढगांनी भरून आले व काहीही दिसले नाही. पुढच्याच वर्षी, १८७१ मध्ये, ते पुन्हा दुर्बीण घेऊन हिंदुस्थानात आले, आणि निलगिरीच्या डोंगरात ग्रहणाची वाट पाहत बसले.

पुढील अंकी आयोडीन: समुद्राच्या शेवाळापासून आपल्या मिठाच्या बरणीपर्यंत.